आवाज पाखडावा कसा

घरात धान्य आले की आपण ते तसेच दळायला घेत नाही. आधी सुपात घेतो आणि पाखडतो. कोंडा उडून जातो. दाणे सुपात राहतात. हे काम आम्ही तुम्हांला शिकवायला नको. तुम्हीच ते आम्हांला शिकवाल.

आवाजसुद्धा असाच पाखडता येतो. हे मात्र आम्हांला ठाऊक नव्हते. सारी हयात शाळेत गेली. "गोंगाट करू नका रे!" असे मुलांवर ओरडता ओरडता केस पिकले. पण एकदा यंत्रात शिरलेला गोंगाट बाहेर काढता येतो, हे आम्ही शिकलो ते साठी उलटल्यावर. आणि तेही आमच्या नातीकडून.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आवाज का मुठीत धरता येतो? तो पाखडायचा कसा?" बरोबर आहे. तेच आज सांगायचे आहे.

अक्काचे दळण

आमच्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणत असू. जुन्या वळणाची बाई. गावात पिठाची गिरणी आली, तरी सणासुदीला चार मुठी दाणे ती जात्यावरच दळायची. दळताना ओव्या म्हणायची. तिच्या ओव्या आमच्या आईच्या. आईच्या ओव्या आजीच्या. त्यांतली एकही कागदावर उतरलेली नाही.

एका दिवाळीला आमच्या पुतण्याने मोबाइल काढला. पडवीत दळत बसलेल्या अक्काचे त्याने सहा-सात मिनिटे चित्रण केले. पुढे थोड्याच महिन्यांत अक्का गेली.

वर्षश्राद्धाला सगळे घर जमणार होते. ते चित्रण सर्वांना दाखवावे, असे आमच्या मनात आले. म्हणून आधी लावून पाहिले. अक्का दिसत होती. तिचा हात फिरत होता. ओठ हलत होते. पण ऐकू काय येत होते? शेजारची पिठाची गिरणी! दिवाळीचे दिवस. भाजणी दळायला गिरणीवर रांग लागलेली. तिचा घूं घूं असा एकसारखा आवाज चित्रणात भरला होता. त्याखाली अक्काची ओवी दबून गेली होती. शब्द काही लागेनात.

चित्रण पुन्हा करावे म्हटले, तर अक्का कुठून आणायची?

आम्ही कपाळाला हात लावून बसलो. तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, गिरणीचा आवाज कमी करता येतो. त्याचं सॉफ्टवेअर असतं. मी दाखवते, पण करायचं तुम्ही."

सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणक हा एक गडी समजा. गडी कष्टाळू खरा, पण स्वतःची अक्कल चालवणारा नव्हे. काम कसे करायचे, ते त्याला आधी लिहून द्यावे लागते. त्या लेखी सूचनांच्या गाठोड्याला सॉफ्टवेअर म्हणतात. हिशेबाचे गाठोडे वेगळे, चित्राचे वेगळे, आवाजाचे वेगळे.

नातीने आवाजाचे जे सॉफ्टवेअर काढले, त्याचे नाव ऑडॅसिटी. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन नावाचे विद्यापीठ आहे. तिथे डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी १९९९ साली ते तयार करायला घेतले. २००० साली ते सर्वांना खुले झाले. ते फुकट मिळते.

गोंगाट दोन जातींचा

काम सुरू करण्याआधी नातीने आम्हांला एक प्रश्न विचारला. "आजोबा, हा गोंगाट एकसारखा आहे, की मधूनच येणारा?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पंखा, मोटार, गिरणी, फ्रीज यांचा आवाज एकसारखा चालू असतो. असा गोंगाट या रीतीने चांगला कमी होतो. पण कुत्र्याचे भुंकणे, मोटारीचा भोंगा, मागे कोणी मारलेली हाक हे मधूनच येणारे आवाज. ते दर वेळी वेगळे. ते या रीतीने निघत नाहीत. कोंडा पाखडून जातो, खडे मात्र हाताने निवडावे लागतात. तसेच हे आहे.

आमचा गोंगाट गिरणीचा होता. म्हणजे कोंडा होता. आम्हांला धीर आला.

यंत्र पाखडते कसे?

आवाज म्हणजे हवेचे थरथरणे. डग्ग्याचे कातडे सावकाश थरथरते, म्हणून त्याचा आवाज खर्जातला. बांगडी फार भरभर थरथरते, म्हणून तिची किणकिण बारीक. सेकंदाला सुमारे २० वेळांपासून २०,००० वेळांपर्यंतचे थरथरणे माणसाच्या कानाला ऐकू येते. म्हातारपणी वरचे बारीक आवाज ऐकू येईनासे होतात.

सॉफ्टवेअर काय करते? एका सेकंदाच्या आवाजाचे ते कितीतरी बारीक तुकडे करते. मग प्रत्येक तुकडा शेकडो चाळण्यांतून काढते. एका चाळणीत खर्जातला आवाज, दुसरीत त्याहून थोडा वरचा, असे करत करत शेवटच्या चाळणीत अगदी बारीक आवाज.

आता नीट ऐका. आधी आपण त्याला नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यायचा. दुसरे काही त्यात नको. त्या नमुन्यावरून कोणत्या चाळणीत गोंगाट किती भरतो, याची नोंद ते करून ठेवते. मग सगळा आवाज त्याच चाळण्यांतून जातो. ज्या चाळणीत नोंदीपेक्षा जास्त काही भरले नाही, तिथला आवाज ते खाली दाबते. जिथे नोंदीपेक्षा बरेच जास्त भरले, तिथे "यात कामाचा आवाज आहे" असे धरून ते जाऊ देते.

म्हणजे सगळे त्या नमुन्यावर आले. नमुना बरोबर तर काम बरोबर. नमुना चुकला की काम चुकले. आमचे तेच झाले.

आमची चूक

काम सुरू करताना नात म्हणाली, "आजोबा, आधी मूळ चित्रणाची नक्कल करून दुसरीकडे ठेवा." आम्हांला थोडा राग आला. म्हटले, "एवढी का आम्हांला अक्कल नाही?" पण ती ऐकेना. नक्कल करूनच ठेवली.

पडद्यावर आवाजाची लाट दिसू लागली. जिथे ओवी, तिथे लाट उंच. जिथे ओवी नाही, तिथे बुटकी. दोन ओव्यांच्या मध्ये अक्का दम खायला थांबे. तिथली लाट बुटकी होती. आम्ही म्हटले, इथे अक्का बोलत नाही, म्हणजे हा नुसता गोंगाट. तोच तुकडा आम्ही नमुना म्हणून दिला. वर कमी करण्याचा आकडा चांगला ३० पर्यंत चढवला. थोडे कशाला, सगळेच काढू या!

नात तेवढ्यात शिकवणीला गेली होती. आम्ही आपल्या मनानेच सारे केले.

गिरणी गेली. अगदी साफ गेली. पण अक्काचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येऊ लागला. मधूनमधून पाण्याचे थेंब पडावेत तशी टिणटिण ऐकू येई. तरी शब्द कळत होते. त्यावरच आम्ही खूश झालो.

शेजारच्या वहिनी आल्या होत्या. अक्काची त्यांची जन्माची मैत्री. दोघींनी एका जात्याला हात लावून वर्षानुवर्षे दळलेले. त्यांना आम्ही मोठ्या हौसेने ते ऐकवले. वहिनींनी डोळे मिटून ऐकले. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, जातं कुठं गेलं?"

आम्ही पुन्हा लावले. खरेच! हात फिरत होता, जाते फिरत होते, पण जात्याची घरघर नव्हती. बांगड्यांची किणकिणही अर्धी गेली होती. वहिनी म्हणाल्या, "जात्याबिगर ओवी म्हंजी टाळाबिगर भजन. ही आमची अक्का न्हवं."

आम्ही खाली मान घातली.

चूक कुठे झाली, ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. दोन ओव्यांच्या मध्ये अक्काचे तोंड थांबे, पण हात थांबत नसे. जाते चालूच असे. तो नमुना आम्ही यंत्राला दिला आणि म्हटले, "हा गोंगाट." यंत्राने मानले. त्याने गिरणीही काढली आणि जातेही काढले. त्याचा काय दोष? गोंगाट कोणता आणि जपायचा आवाज कोणता, हे यंत्राला कळत नाही. ते आपणच सांगायचे असते.

मूळ चित्रणाची नक्कल ठेवली नसती आणि आम्ही त्यावरच शिक्का मारला असता, तर अक्काचे जाते कायमचे गेले असते. नातीचा तो हट्ट आम्ही जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्यांदा केले ते असे

संध्याकाळी नात आली. आम्ही तिला सगळे सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, "चला, पहिल्यापासून करू." मग आम्ही जे केले, ते क्रमाने सांगतो. पडद्यावरची नावे इंग्रजी अक्षरांत असतात. ती वाचता येत नसतील तर घरातले शिकते मूल जवळ बसवा. त्यात कमीपणा नाही.

पहिले काम. मूळ चित्रणाची नक्कल करून ती वेगळी ठेवा. मूळ कधीही पुसू नका.

दुसरे काम. चित्रण ऑडॅसिटीत उघडा. ते फक्त त्यातला आवाज घेते. मोबाइलच्या चित्रणासाठी बहुधा एफएफएमपेग नावाचे एक जोड-सॉफ्टवेअर आधी बसवावे लागते. तेही फुकट आहे.

तिसरे काम. नुसत्या गोंगाटाची जागा शोधा. आम्ही चित्रण अगदी सुरुवातीपासून ऐकले. पुतण्याने मोबाइल सुरू केला, तेव्हा अक्काने हात पदराला पुसले आणि ती क्षणभर स्वस्थ बसली. चार सेकंद. त्यात ओवी नाही, जाते नाही, बांगडी नाही. नुसती गिरणी. सगळे काम झाले ते त्या चार सेकंदांच्या बळावर.

चौथे काम. तेवढीच लाट निवडा. मग 'इफेक्ट' या यादीत जाऊन 'नॉइज रिडक्शन' काढा. नॉइज म्हणजे गोंगाट, रिडक्शन म्हणजे कमी करणे. तिथे 'गेट नॉइज प्रोफाइल' असे बटण आहे. ते दाबले की यंत्र नमुन्याची नोंद घेते.

पाचवे काम. आता सगळी लाट निवडा आणि पुन्हा तिथेच जा. किती कमी करायचे, त्याचा आकडा तिथे असतो. त्याचे माप डेसिबल. ६ डेसिबल कमी केले की गोंगाटाच्या लाटेची उंची साधारण निम्मी होते. १२ केले की पाव होते. २० केले की दहावा हिस्सा उरतो. आधी ६ घाला आणि ऐका. पुरले नाही तर १२ करा. हाव धरू नका. जोराने पाखडले की कोंड्याबरोबर दाणेही उडतात.

सहावे काम. हे आम्हांला सर्वांत आवडले. तिथे 'रेसिड्यू' असे एक बटण आहे. ते निवडून 'प्रिव्ह्यू' दाबले, की यंत्राने जे काढून टाकले तेवढेच ऐकू येते. पाखडून झाल्यावर शहाणी बाई खाली पडलेला कोंडा मुठीत घेऊन पाहते. त्यात दाणे तर गेले नाहीत ना? तसेच हे. आम्ही ऐकले. १२ डेसिबलला नुसती गिरणी ऐकू आली. आकडा २० केला, तेव्हा तिच्यात अक्काचा हुंकार लागला. आम्ही लगेच १२ वर परत आलो.

तपासून झाले की 'रेसिड्यू'वरून परत 'रिड्यूस'वर यायला विसरू नका. नाहीतर कोंडा ठेवाल आणि दाणे टाकाल!

सातवे काम. पाखडलेला आवाज वेगळ्या नावाने साठवा. मग चित्रण जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जा. आम्ही शॉटकट वापरले. तेही फुकट आहे. तिथे चित्राचा जुना आवाज मुका करायचा आणि नवा आवाज त्याच्याखाली आणून ठेवायचा. दोघांची सुरुवात अगदी एका रेषेत हवी. म्हणून आवाजातला एकही तुकडा मधून कापू नका. कापलात तर ओठ पुढे आणि ओवी मागे, अशी गत होईल.

असली सॉफ्टवेअरे उतरवून घेताना एक काळजी घ्या. ती त्यांच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्या. फुकटच्या वस्तूसाठी कोणी पैसे किंवा बँकेचा गुप्त आकडा मागू लागला, तर तो लबाड समजा.

डॉल्बीची खरी गोष्ट

गोंगाट कमी करण्याची विद्या आजची नाही. आपल्या गावात डॉल्बी म्हटले की वरातीतली कर्ण्यांची भिंत डोळ्यांपुढे येते. घरातली भांडी थरथरतात, म्हातारीकोतारी कानांवर हात ठेवतात. पण डॉल्बी हे एका माणसाचे आडनाव आहे. आणि त्याचे नाव झाले ते गोंगाट कमी केल्याबद्दल! ऐकून नवल वाटेल.

रे डॉल्बी हे अमेरिकेचे शास्त्रज्ञ. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून आपल्या भारतात होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली कंपनी काढली. त्या काळी आवाज टेपवर घेत. टेप लावली की गाण्याच्या मागे सरसर, सरसर असा आवाज येई. डॉल्बींनी युक्ती काढली. आवाज टेपवर घेतानाच त्यातले हलके आवाज मोठे करून घ्यायचे. वाजवताना ते तेवढेच लहान करायचे. आवाज मूळचा होतो, पण टेपची सरसर मात्र त्याबरोबर दबते.

यातले मर्म पाहा. डॉल्बींची तयारी आवाज घेण्याच्या वेळेपासून होती. मागाहून धावपळ करण्यापेक्षा आधीची काळजी बरी.

हल्ली आणखी एका प्रकारची सॉफ्टवेअरे निघाली आहेत. त्यांना नमुना द्यावा लागत नाही. असंख्य माणसांचे बोलणे आधीच ऐकवून त्यांना तयार केलेले असते. माणसाचे बोलणे ठेवायचे आणि बाकीचे काढायचे, एवढे त्यांना ठाऊक. भाषणाला, मुलाखतीला ती उपयोगी पडतात. पण जाते, टाळ, पखवाज हे 'बाकीचे'मध्येच जायचे. तेव्हा तीही वापरा, पण कान उघडे ठेवून वापरा.

चित्रण करताना एवढे करा

तुमच्या घरात आजी असेल, आजोबा असतील. त्यांच्या ओव्या, गोष्टी, शेतीच्या खुणा, औषधाची माहिती त्यांच्याबरोबर जाईल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. तेवढे आपल्याला जमणार नाही. पण आपल्या घरातल्या दहा ओव्या तर आपण जपू शकू!

म्हणून मोबाइल काढाल तेव्हा आधी पंखा बंद करा. मोटार थांबवा. शेजारी गिरणी असेल तर ती बंद असतानाची वेळ धरा. मोबाइल बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर ठेवा. वाऱ्याच्या झोतात धरू नका. आणि सुरू केल्यावर लगेच "हं, म्हणा" असे म्हणू नका. दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. मग खूण करा. ती दहा सेकंदे वाया जात नाहीत. पुढे लागलाच तर गोंगाटाचा नमुना तिथे मिळतो. आमच्या पुतण्याला हे ठाऊक नव्हते. आमच्या नशिबाने चार सेकंद मिळाली. दर वेळी नशीब पुरत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पडवीतच पडदा बांधला. चित्रण लावले. गिरणी अगदी गेली नव्हती. दूर, मळ्यापलीकडे चालल्यासारखी ऐकू येत होती. पण अक्काचा शब्द नि शब्द कळत होता. जात्याची घरघर होती. बांगड्यांची किणकिण होती.

शेजारच्या वहिनी पुढेच बसल्या होत्या. दुसऱ्या ओवीला त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरू लागला. आम्ही मुद्दाम विचारले, "वहिनी, जातं आहे ना?"

त्यांनी नुसती मान हलवली. त्या अक्काबरोबर ओवी म्हणत होत्या.